त्रेचाळीस शुभेच्छुक

हिवरवाडीच्या चौकात लागलेल्या त्या फ्लेक्सवर माझाही फोटो होता. खालून दुसरी ओळ, डावीकडून चौथा, पतसंस्थेचे चेअरमन आणि सलूनवाला दिगू यांच्या मधे. फोटो शाळेच्या ओळखपत्रावरचा, बारा वर्षांपूर्वीचा, त्यात माझे डोळे अर्धे मिटलेले. खाली लिहिलं होतं, 'मार्गदर्शक : सौ. रेखा पिसाळ मॅडम'. मला कुणी विचारलं नव्हतं. फ्लेक्सवर घालताना कुणाला विचारतात का? आपल्याकडे शुभेच्छा देणाऱ्यालाच सगळ्यात शेवटी कळतं, की त्यानं शुभेच्छा दिल्यात.

वर मधोमध कमरेवर हात ठेवून उभी होती राजनंदिनी गेजगे, दहावी ब. वय पंधरा. तिच्या मागे, तिचा काहीही संबंध नसलेला, डरकाळी फोडणारा वाघ. मजकूर असा : 'सह्यगिरी क्रीडा विद्यापीठाच्या खो-खो संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' आणि त्याखाली त्रेचाळीस शुभेच्छुकांचे चेहरे.

मी सव्वीस वर्षं या गावच्या शाळेत खेळ शिकवते. तो फ्लेक्स बघून मला काय वाटलं ते खरं सांगते. मला बरं वाटलं. चार पावलं मागं जाऊन मी त्याचा फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. पुढं जे झालं त्यात माझा एवढा वाटा आहे, आणि तो लहान नाही.

सन २०४१ मध्ये पोरांनी ऑफर 'जाहीर' करणं ही नवलाची गोष्ट राहिली नव्हती. खो-खोची विद्यापीठ लीग सुरू झाल्यापासून पंधरा-सोळा वर्षांच्या पोरापोरींना विद्यापीठं आधीच धरून ठेवू लागली होती. राहणं, खाणं, शिकणं, खेळणं, सगळं त्यांच्याकडं. ऑफर आली की ती सोशल मीडियावर टाकायची. शहरातली मुलं साधा व्हिडिओ टाकत. आमच्याकडं त्याचा सोहळा झाला. मुलीला पाटावर बसवायचं, आईनं ओवाळायचं, नारळ फोडायचा आणि टॉवेलखाली झाकलेली जर्सी मामानं उघडायची. मंगल कार्यालयांनी जाहीरचं वेगळं पॅकेज काढलं होतं.

ऑफर कुणाला द्यायची हे ठरवायची 'पारख' नावाची प्रणाली. देशातली बहुतेक विद्यापीठं तीच वापरत, आपापल्या गरजेप्रमाणं थोडी बदलून. ती दोन गोष्टी बघायची. पहिली म्हणजे शरीर. खेळाचे व्हिडिओ घेऊन ती प्रत्येक सांध्याचा कोन मोजायची, पाऊल जमिनीवर किती वेळ टेकतं ते मोजायची, वळताना वजन कुठं जातं ते बघायची. शिवाय बोटाला टोचून घेतलेला रक्ताचा एक थेंब. आपल्या पेशींतल्या डीएनएवर वाढत्या वयाबरोबर बारीक रासायनिक खुणा उमटत जातात. त्या वाचल्या, की जन्मतारीख काहीही असो, शरीर खरं किती वयाचं आहे ते कळतं, आणि ते कधी भरात येईल याचा अंदाज बांधता येतो.

पण तो अंदाजच. पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तो कुठल्या कुठं जायचा. म्हणून पारख दुसरी गोष्टही बघायची, ती म्हणजे बाकीची माणसं आणि विद्यापीठं सोशल मीडियावर काय म्हणतायत. विट्याच्या स्टँडसमोर मिसळीची दोन हॉटेलं आहेत. दोन्हीकडची मिसळ तुम्ही खाल्लेली नाही. एकात एक माणूस बसलाय, दुसरं रिकामं. तुम्ही जिथं माणूस आहे तिथं जाता. तुमच्या मागून येणाऱ्याला दोन माणसं दिसतात, तोही तिथंच शिरतो. तासाभरात एकात उभं राहायला जागा नाही आणि दुसऱ्याचा मालक माश्या मारतोय. एवढ्या गर्दीत मिसळीची चव बघून आलेला एकही नाही. प्रत्येकजण दुसऱ्याला काहीतरी माहीत असेल असं समजून आलाय. यात गैर काही नाही, मीही तेच करते. भानगड एवढीच की पहिला माणूस नुसता पंख्याखाली बसायला आलेला असू शकतो.

आमच्या बाबतीत तर पहिला माणूसही नव्हता. फ्लेक्स होता.

राजीला सह्यगिरीकडून आलेला निरोप मी स्वतः वाचला होता. एकच ओळ. 'आपली कामगिरी विद्यापीठाच्या विचाराधीन आहे.' असा निरोप ते हजारो मुलांना पाठवतात. पारखनं राजीला शंभरात अठ्ठावन्न गुण दिले होते आणि खाली शेरा होता : 'शरीराचं वय साडेतेरा, हाडं कोवळी. भार वाढवू नये. दोन वर्षांनी पुन्हा तपासावे.' मी तो तिला समजावून सांगितला होता. ती हिरमुसली, पण मान डोलावून मैदानात गेली.

घरी तिनं तो निरोप काकाला दाखवला. बाळू गेजगे हा तिचा काका. वडील सैन्यात, लेहकडं, त्यामुळं घरातलं पान बाळूशिवाय हलत नाही. पालक म्हणून पारखकडं नोंदही त्याचीच, त्यामुळं सही आईचीसुद्धा नाही, त्याचीच चालते. आणि बाळूचा धंदा काय, तर 'गेजगे डिजिटल', सर्व प्रकारचे फ्लेक्स. दोन तासांत राजी चौकात लागली.

पारख बनवणारी मंडळी कुठल्यातरी मोठ्या शहरात बसलेली. शुभेच्छुक म्हणजे काय, हे त्यांना कोण सांगणार? त्यांच्या हिशेबी त्रेचाळीस माणसं, नावानिशी आणि चेहऱ्यानिशी, एका मुलीच्या निवडीची ग्वाही देत होती. त्यातली एक तर तिची शिक्षिका. त्यात गावातल्या ज्याचा ज्याचा फोटो फ्लेक्सवर होता, त्यानं त्यानं तो स्टेटसला ठेवला. तिसऱ्या दिवशी पारखकडून मला निरोप आला. 'मार्गदर्शक म्हणून आपली संमती नोंदली गेली आहे. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवा.' तेव्हा राजीचे गुण एकाहत्तर झाले होते. मी हरकत घेतली नाही. म्हटलं, पोरीचं भलं होतंय तर होऊ दे.

चौथ्या दिवशी कर्नाटकातल्या एका विद्यापीठाची ऑफर आली, खरीखुरी. ती जाहीर झाल्यावर पुण्याकडची. मग तेलंगणातली. ऑफर बघून ऑफर येत होती. सहाव्या दिवशी सह्यगिरीनंसुद्धा ऑफर दिली. आपणच आधी दिलीय असं सगळीकडं छापून आलेलं, मग मागं कशाला राहा! पाचवी गुजरातेतून आली. गुण चौऱ्याण्णव. खालचा हाडांचा शेरा अजून होता, पण अक्षर इतकं बारीक झालं होतं की चष्मा लावूनही मला दोनदा बघावं लागलं.

पाचही विद्यापीठांनी मिळून बारा दिवसांनी येणाऱ्या रविवारी अकरा वाजता आमच्याच मैदानावर खुली चाचणी ठेवली. त्यांचे कॅमेरे उडत येणार, सगळा देश थेट बघणार. चौऱ्याण्णव गुणांच्या मुलीला शोभेल असा रोजचा व्यायामही त्यांनी पाठवला होता. शंभर उड्या, चाळीस पोल डाइव्ह. म्हणजे धावत येऊन एका पायावर उसळायचं, हातानं खांब धरायचा आणि पळणाऱ्या मुलीवर अंग आडवं झोकून द्यायचं. राजीचा सगळा नावलौकिक या डाइव्हवर. त्या दिवसापासून ती रोज पहाटे मैदानावर हा सगळा व्यायाम करू लागली, हे मला नंतर कळलं.

पुढच्या मंगळवारी सराव संपल्यावर तस्मिया मुलाणी माझ्याजवळ रेंगाळली. खो-खोत पाठलाग करणारा संघ एका ओळीत आठ चौकोनांत बसतो, एकाचं तोंड इकडं तर शेजारणीचं तिकडं. पाचवीपासून राजी आणि तस्मिया शेजारशेजारच्या चौकोनात.

"बाई, एक सांगू? राजीला म्हणू नका मी सांगितलं म्हणून."

"सांग."

"ती जिना उलटा उतरती."

"म्हणजे?"

"जिन्याकडं तोंड करून. हातानं धरून. सरळ उतरताना नडगीत कळ येती तिच्या. वर्गातली सगळी गेल्याशिवाय ती खाली येतच नाय."

दुसऱ्या दिवशी राजीला आणि तिच्या आईला घेऊन मी विट्याला गेले. राजीला वाटलं, मी तिला चांगली पट्टी बांधून घ्यायला नेतेय. एक्स-रेत काही दिसलं नाही. डॉक्टरीण बाईंनी मोठं स्कॅन करून घेतलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. नडगीच्या पुढच्या कडेला केसासारखी काळी रेघ.

"ताणानं चीर पडलीय. हाड अजून कोवळं आहे आणि त्याच्यावर मोठ्या बाईचा भार टाकलाय. आता थांबली तर भरून येईल, वर्ष जाईल, पण येईल. ह्याच पायावर उसळली तर हाड आरपार मोडेल. मग सळ्या घालू, चालेल ती. खेळायचं मात्र विसरा," त्या म्हणाल्या.

आई रडायला लागली. राजी नाही. परत येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाई, रविवारी मला दोनच डाइव्ह मारायच्यात. दोन. मग मी वर्षभर झोपून राहते."

"आणि पहिल्याच डाइव्हला मोडला तर?"

"नाय मोडत."

"राजी, तू रेघ बघितलीस."

"तुम्ही एक सांगा. मी रविवारी नाय उतरले तर एक ऑफर जाईल. बरोबर? ती गेली की दुसरी. आल्या तशाच जातील, उलट्या. मग मी चौकातनं कशी जाऊ? त्या वाघाखालनं?"

तिला पारख माझ्याहून चांगली कळली होती. मी नुसती तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं खांदा हलवून झटकला.

बाळूला मी घरी जाऊन सांगितलं. तो माझाच विद्यार्थी, आठवीत मी त्याला दोनदा मैदानाभोवती पळवलेला. त्यानं ऐकून घेतलं, पण डोळे फोनवर. "डॉक्टर लोक भीती घालत्यात, बाई. खेळाडूचं दुखणारच की. तुमचंच वाक्य हाय ते." डॉक्टरांचा अहवाल पारखला पाठवायचा तर पालकाची सही हवी होती. बाळू सही करेना. राजीच्या वडिलांचा फोन लागेना. चाचणी विद्यापीठांची, त्यामुळं शाळेच्या बाईनं नको म्हणून भागणार नव्हतं.

हरकतीचे तीन दिवस शिल्लक होते. मी हरकत नोंदवली. सविस्तर, आठ ओळी, चिरेसकट. दहा सेकंदांत उत्तर आलं. 'आपली हरकत विचारात घेतली आहे. सहमत : ४२. असहमत : १.' राजीचे गुण चौऱ्याण्णवचे त्र्याण्णव झाले.

मला संताप आला. पारखचा नाही, ती तर शिकवल्यासारखी वागत होती. आमचा आला. बेचाळीस माणसांपैकी एकानंही राजीचा पाय बघितला नव्हता.

गुरुवारपासून मी शुभेच्छुकांच्या दारोदार फिरले. म्हटलं, तुम्ही पण हरकत घ्या, तुमचा फोटो न विचारता वापरलाय. दिगूनं गिऱ्हाइकाची दाढी अर्धी ठेवून मला चहा पाजला आणि म्हणाला, "बाई, बाळूला वाईट वाटंल." पतसंस्थेच्या चेअरमनना रविवारी पाहुणे म्हणून शाल-श्रीफळ मिळणार होतं, त्यांना पाय वगैरे ऐकायचंच नव्हतं. दोन दिवसांत तिघंजण कसेबसे तयार झाले. गुण ब्याण्णव. शुक्रवारी संध्याकाळी मी गुरवांच्या घरी गेले. तात्या गुरव, वरून पहिली ओळ, उजवीकडचे शेवटचे. दारात गेल्यावर मला आठवलं. तात्या जाऊन दीड वर्ष झालं होतं. बाळूनं जुन्या कुठल्यातरी फ्लेक्सवरची चेहऱ्यांची पट्टी तशीच उचलून खाली लावली होती. पारखकडं तात्यांची सहमती मात्र पक्की होती, आणि ते काही हरकत घेणार नव्हते.

काकूंनी पाणी दिलं. "ह्यांचा फोटू बघितला मी. कुणी विचारलं न्हाय. पण म्हटलं, पोरींचा खेळ ह्यांना आवडायचा."

तात्या रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसून आमचा सराव बघायचे. मी काकूंना काही न सांगता परत आले.

शनिवारी राजी शाळेत आली नाही. तस्मियाशी ती बोलायची बंद झाली होती, कुणी सांगितलं हे तिला बरोबर कळलं होतं.

रविवारी सकाळी आठलाच चौक भरला. मैदानावर मंडप, स्पीकर, रांगोळी. पाच छोटे कॅमेरे, प्रत्येकाच्या बुडाला आपापल्या विद्यापीठाचा रंग, खांबाच्या वर घोंघावत उभे. मी सरळ गेजगे डिजिटलला गेले. ते दुकान चौकातच, खतांच्या दुकानाच्या वर आहे, बाहेरून लोखंडी जिना, समोर मैदान. बाळू खालीच उभा होता, नव्या झब्ब्यात, जिन्याजवळ हार मोजत. मागे तस्मिया आलेली मला कळलंही नाही.

"बाळू, शेवटचं सांगते."

"बाई, आज नको. आज चांगला दिवस हाय."

"राजी कुठाय?"

"वर. तयार व्हायला गेलीया. राजी! ये गं खाली!"

वरचं दार उघडलं. राजी नव्या बुटांत, पायाला गुडघ्यापर्यंत करकचून पट्टी. तिनं खाली आम्हाला बघितलं आणि तिथंच थांबली.

"ये की," बाळू म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढं. मी आले."

"हार घालायचाय, ये."

ती हलेना. बाळूला वाटलं लाजतेय, तो हसला. तस्मियानं माझा पदर धरला होता. शेवटी राजीनं कठडा पकडला, सरळ एक पायरी उतरली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी अजून विसरले नाही. मग ती वळली. जिन्याकडं तोंड केलं, दोन्ही हातांनी वरची पायरी धरली आणि खाटेवरून उतरणाऱ्या लेकरासारखी एकेक पाय चाचपत खाली यायला लागली. सोळा पायऱ्या. खाली स्पीकरवर तिचंच नाव घेत होते.

बाळूच्या हातातले हार खाली आले. ती शेवटच्या पायरीवर टेकली.

"कधीपासनं?" त्यानं विचारलं.

"काका, पाच आहेत," राजी म्हणाली. "पाच ऑफर."

"कधीपासनं उतरतीयास अशी?"

"दोनच डाइव्ह मारायच्यात."

बाळू जिन्यावर तिच्या शेजारी मटकन बसला. "पाच नायत. एक बी नाय. मी तो निरोप तीनदा वाचला होता. विचाराधीन लिहिलं होतं. पण विचाराधीन असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, असं कुणी छापतं का? पोलीस भरतीचा फ्लेक्स तयार होता, 'निवड झाल्याबद्दल'. मी नुसतं नाव बदललं. बाकी सगळं त्याच्यावर उभं राहिलं." त्यानं झब्ब्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "बाई, डॉक्टरचा कागद द्या, सही करतो."

"आज रविवार. अहवाल तपासायला त्यांना तीन दिवस लागतात. चाचणी अकराला आहे."

"मग हिला उतरूच देत नाय."

"मी उतरणार," राजी म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "तुम्ही सगळ्यांनी मला वर चढवलं आणि आता मीच खाली यायचं? सगळे बघतायत. मी पळून गेले म्हणतील. घाबरली म्हणतील."

तेव्हा तस्मिया पुढं झाली. चार दिवसांत पहिल्यांदा ती राजीशी बोलली. "म्हणू देत. तुझा पाय गेला तर ते सगळे घरी जातील. शेजारचा चौकोन माझा मोकळा राहणार, त्यांचा नाय."

राजीनं तिच्याकडं बघितलं. मग पट्टीकडं. तिकडं स्पीकरवाला चेअरमनचं स्वागत करत होता. मला भीती वाटत होती की मी एक शब्द जरी बोलले तरी ती उठून मैदानाकडं चालू लागेल.

"मला पळून गेलेली दाखवायचं नाय," ती शेवटी म्हणाली. "छापायचं असंल तर मोठं छापा. त्याच जागी."

"काय छापू?" बाळूनं विचारलं.

तिनं नाक पुसलं आणि सांगितलं. बाळू जिना दोन दोन पायऱ्या चढत वर गेला, आम्ही मागे. राजीला तस्मियानं आणि मी उचलूनच नेलं. मशीन गरम व्हायला पाच मिनिटं, छापायला वीस, लावायला दहा. साडेआठ झाले होते. बाळूनं सवयीनं त्रेचाळीस चेहऱ्यांची पट्टी उचलली, खाली लावली आणि त्याचा हात थांबला. तो माझ्याकडं वळला.

"बाई, तुमचा फोटो ठेवू का?"

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी हे विचारलं. "ठेव," मी म्हणाले, "आणि बाकीच्यांनाही विचार."

"एवढ्यांना? वेळ कुठाय?"

"फोन आहेत की."

चार फोन, चाळीसएक माणसं. तस्मियानं वरची ओळ घेतली, राजीनं मधल्या, बाळूनं आणि मी खालच्या. प्रत्येकाला सगळं सांगायचं. पाय, चीर, निरोप, खोटी निवड. बाळूनं दिगूला सांगितलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. 'मी खोटं छापलं' हे वाक्य त्यानं त्या सकाळी अकरा वेळा म्हटलं. आणि गंमत बघा, मी दारात गेले तेव्हा जी माणसं चहा पाजून टाळत होती, तीच राजीचा आवाज ऐकून विरघळली. "ठेव बाळा, ठेव," असं सगळ्यांचं. पतसंस्थेच्या चेअरमननी मात्र, मला यात ओढू नका, म्हणून फोन ठेवला. गुरवकाकूंना तस्मियानं विचारलं. काकू म्हणाल्या, "आता ह्यांना काढा, पोरी. लई दिवस झाले उभे आहेत."

दोन चेहरे गेले. एकेचाळीस राहिले.

दहा वाजून दहा मिनिटांनी जुना फ्लेक्स खाली आला आणि नवा वर गेला. वाघ तोच होता, तेवढं बदलायला वेळ नव्हता. राजीच्या फोटोखाली मोठ्या पिवळ्या अक्षरांत : 'राजनंदिनी हिची निवड झालेली नाही. नडगीच्या हाडाला चीर आहे. दोन वर्षं थांबण्याचा निर्णय घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' चौकातली माणसं वर बघत राहिली. कुणी हसलं, कुणी 'अरारा' केलं. मग ज्याचा त्यात फोटो होता त्यानं फोन काढला, कारण स्वतःचा फोटो असलेला फ्लेक्स स्टेटसला न ठेवणारा माणूस आमच्या तालुक्यात अजून जन्मायचाय.

राजी जिन्याच्या पहिल्या पायरीवर फोन घेऊन बसली. आम्ही तिच्याभोवती. अकराला वीस कमी असताना गुण ब्याण्णवचे अठ्ठ्याहत्तर झाले.

"गुजरात," ती म्हणाली. "काढून घेतली."

मैदानावरचा एक कॅमेरा वर उचलला गेला आणि उसाच्या बाजूला निघून गेला. काढून घेतलेली ऑफरही सगळ्यांना दिसते, बाकीच्यांनी ती बघितली. चढायला सहा दिवस लागले होते, उतरायला सोळा मिनिटं लागली.

"तेलंगणा. पुणे." ती एकेक वाचत होती, हजेरी घेतल्यासारखी. "कर्नाटक." मग थोडा वेळ काहीच नाही. निळ्या बुडाचा एक कॅमेरा खांबावर अडून राहिला होता. माझ्या मनात आलं, हा राहिला तर ही अजूनही उठेल. अकराला पाच कमी होते. राजीचा उजवा पाय आपोआप बुटात सरळ होत होता, ते मी बघत होते.

"सह्यगिरी," ती म्हणाली.

निळा कॅमेराही गेला. मैदानावर एकदम शांत झालं. मग ती रडली. हमसून हमसून, तोंड न लपवता, चौकात सगळ्यांसमोर. बाळू तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला, त्याचेही डोळे वाहत होते आणि त्यालाही ते लपवायचं सुचलं नाही.

रडून झाल्यावर तिनं फोन माझ्यासमोर धरला. पाचही ऑफर गेल्या होत्या. त्याखाली, सगळ्यात पहिला आलेला निरोप तेवढा होता. त्याला कुणी हात लावला नव्हता, कारण तो परत घेण्यासारखा नव्हताच. 'आपली कामगिरी विद्यापीठाच्या विचाराधीन आहे.'

"बाई, हे खरं होतं ना?"

"हो. हे खरं होतं."

"अठ्ठावन्नला आलेलं."

"अठ्ठावन्नला. फ्लेक्स लागायच्या आधी. तुझ्या खेळाला."

तिनं ते पुन्हा एकदा वाचलं, फोन बंद करून तस्मियाच्या हातात दिला आणि दुखणारा पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"मग सोडा ही पट्टी," ती म्हणाली. "लई आवळलीया."

मी पट्टी सोडायला घेतली. सकाळी काकानं बांधलेली, गाठीवर गाठ, सोडायला बराच वेळ लागला.